मदत हवी आहे : वाळवंटी आघाडीवरच्या पाण्याच्या बाटलीला कसर लागली आहे

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवरचं सैनिकी सामान मी जमवतो. शस्त्रांत मला रस नाही. पट्टे, पाठपिशव्या, धुळीचे चष्मे, पाण्याची भांडी, असं अंगावरचं सामान जमवतो. त्या वाळूत माणूस कसा तगला असेल, हे अशा वस्तू हातात घेतल्या की जितकं कळतं, तितकं मला लढायांचे नकाशे पाहून कळत नाही.

नुकतीच १९३७ पॅटर्नच्या ब्रिटिश संचातली बाटली मिळाली. पत्र्यावर निळं एनॅमल, वरून खाकी नमद्याचं शिवलेलं आवरण, दोरीने बांधलेलं बूच. लिटरभराहून थोडं जास्त पाणी मावतं. नमदा भिजवला की वाऱ्याने आतलं पाणी गार होतं. छागलीचं तत्त्व तेच, आणि छागल तर ब्रिटिश फौजेने शब्दासकट उचलली होती.

आता अडचण. नमद्याच्या तळाशी, शिवणीच्या कडेने रेशमासारख्या बारीक नळ्या चिकटल्या आहेत आणि दोन ठिकाणी नमदा पार विरून निळं एनॅमल दिसतंय. कसर आहे यात शंका नाही. ती जिवंत आहे की जुनी, कळत नाही. बाकीच्या संग्रहात पसरेल या भीतीने बाटली वेगळ्या खोलीत ठेवली आहे.

दुसरं म्हणजे, ती ज्या सुती पट्ट्यांत बसते ते धुवावेत का? वरून ते उन्हाने जवळजवळ पांढरे पडलेत, पण बकलाखालची घडी उलगडली तर आत ब्लँकोचा, म्हणजे सैनिक पट्ट्यांना चोळत त्या रंगाचा, हिरवट थर जसाच्या तसा, आणि त्यात रुतलेले वाळूचे कण. मागे एक कमरपट्टा मी साबणाच्या पाण्यात भिजवला होता. ब्लँको वाहून गेला, आतला शाईचा शिक्का पुसला, पट्टाही आकसला. तेव्हापासून पाण्याचा हात लावायचा धीर होत नाही.

तिसरं, पट्ट्यावर बाणाची सरकारी खूण आणि १९४१ साल आहे, पण अतिनील दिव्याखाली एक शिवण निळी चमकते. म्हणजे माल नकली समजायचा का?

प्रतिसाद

बाटली वेगळी ठेवलीत ते उत्तम केलंत. नळ्या चिमट्याने काढून काळ्या कागदावर आठवडाभर ठेवा. जागा बदलली किंवा खाली नवा भुसा पडला तर अळी जिवंत आहे.

लोकरीचे कपडे असते तर बंद पिशवीत उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवा म्हटलं असतं. इथे ते करू नका. पत्रा आणि एनॅमल थंडीत सारखे आकसत नाहीत, तडे जाऊ शकतात. आवरण शिवलेलं आहे, ते उसवायचंही नाही. त्यापेक्षा हवाबंद पिशवीत प्राणवायू शोषणाऱ्या पुड्यांसोबत महिनाभर ठेवा. पिशवी मात्र खास हवा न झिरपणारी हवी, साधी प्लास्टिकची चालत नाही. डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ तुमच्याही छातीला वाईट आणि चष्म्यांच्या जुन्या सेल्युलॉइडलाही.

पट्टे अजिबात धुऊ नका. मऊ ब्रशने वरची धूळ तेवढी झटका, घडीतली वाळू राहू द्या. ब्लँको ओल्या ब्रशनेच चोळायचे, त्यामुळे पाण्याने तो उतरणारच. पितळेलाही पॉलिश नको. पॉलिशचा पांढरा साका विणीत अडकतो आणि निघत नाही.

शिवणीबद्दल सांगायचं तर, चमक हा एकटा पुरावा धरू नका. कपड्याला पांढरेपणा आणणारी, अतिनील प्रकाशात निळी चमकणारी रसायनं आजच्या साबणात असतात, त्यामुळे जुना सुती दोराही पुढे कधी धुतला गेला असेल तर चमकतो. पण मग आजूबाजूचा पट्टाही चमकायला हवा. एकच शिवण चमकत असेल तर ती बहुधा नंतरची दुरुस्ती. सुट्या टोकाचा एखादा तंतू चिमट्यात धरून जाळून पाहा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून त्याची गाठ होते. पॉलिएस्टरचा दोरा निघाला तर ती शिवण १९४१ची नक्की नाही, पण तेवढ्यावरून सगळा पट्टा नकली ठरत नाही.

आणि एक, न विचारता सांगतो. संग्रहात होकायंत्र असेल तर उघडू नका. आकडे अंधारात चमकत नसले तरी त्यातलं रेडियम शाबूत असतं. ते निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. ब्रिटिश गॅस मास्कच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असतो, ती तोंडाला लावून पाहू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. तंतू जाळून पाहिला, गाठ झाली. बाकी पट्टा चमकत नाही, म्हणजे ती शिवण दुरुस्तीचीच. नोंदवहीत तसं लिहून ठेवलं, शिवण उसवणार नाही. पिशव्या मागवल्या आहेत.

बाटली हलवली की आत काही खुळखुळत होतं, म्हणून पांढऱ्या कागदावर उपडी केली. एनॅमलच्या तीन निळ्या कपच्या आणि चिमूटभर पिवळसर वाळू पडली. दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेवून बाटलीचा नोंद क्रमांक घातला आहे. आता एकच राहिलं : बूच कोरडं होऊन कडेने चुरतंय. त्याला काही लावावं, की बाटलीतून काढून वेगळंच ठेवावं?