आमचा गेमिंग कॅफे बंद होतोय. मशीन आम्ही मिळून घ्यावीत का?

लाँग_ए_डोंबिवली

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचा कॅफे आहे. इमारत पुनर्विकासाला गेली, दिवाळीपर्यंत गाळा रिकामा करायचाय. कॅफे चालवणारे काका आता साठी ओलांडलेले. पुन्हा डिपॉझिट भरून नवी सुरुवात करायची ताकद नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण मला ही बातमी फार लागलीय.

मी जायला लागलो तेव्हा काउंटर-स्ट्राइक १.६ या टीम करून खेळायच्या गोळीबाराच्या गेमचे दिवस होते. जाड मॉनिटर, तासाला २० रुपये. लोडशेडिंग तर रोजचंच. मुंबईत लाइट असायची आणि आम्ही ठाणे जिल्ह्यातले अंधारात. लाइट गेली की काका प्रत्येकाचा उरलेला वेळ वहीत लिहून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी भरून द्यायचे. कुणाचे पैसे कधी बुडाले नाहीत. दहावीच्या परीक्षेत पोरांना आत घ्यायचे नाहीत.

ज्यांच्याकडे पैसे नसत त्यांना काका खुर्चीमागे उभं राहू द्यायचे. आमच्यातला सगळ्यात भारी ए-डब्ल्यू-पी (गेममधली स्नायपर बंदूक) मारणारा पोरगा असाच तयार झाला. घरी कॉम्प्युटर नाही, कित्येक दिवस नुसता मागे उभा राहून बघायचा. डस्ट-टू या मॅपवर कुठल्या कोपऱ्यातून कधी डोकवायचं, डोळे दिपवणारा फ्लॅश बॉम्ब भिंतीवर कसा आपटायचा, सगळं बघूनच शिकला. आज माझा भाचा मोबाइलवर खेळतो तेव्हा त्याच्या मागे कोणी उभं नसतं. मला ती जागा हवी आहे.

काका १५ मशीन विकताहेत. सातव्या पिढीचे आय-फाइव्ह प्रोसेसर, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम. आम्ही काही जुने मित्र पैसे काढायला तयार आहोत. गाळा घेऊन कॅफे चालवणं जमेल का? ज्यांनी चालवलाय त्यांनी सांगा.

राजारामपुरी_लॅन

दादा, कोल्हापुरात माझा कॅफे होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शटर ओढलं ते परत उघडलं नाही. पण गिऱ्हाईक त्याआधीच घटत होतं. २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये पबजी मोबाइल, आणि शाळेची पोरं दुपारची यायचीच बंद झाली. दुपार रिकामी गेली की भाडं निघत नाही, संध्याकाळी कितीही गर्दी असू दे.

हिशेब कर. १५ मशीन, तासाला ६० रुपये, रोज चार तास सगळ्या सीट भरल्या असं धरलं तरी ३,६०० रुपये. त्यातून भाडं, व्यापारी दराची वीज, एसी, एक पोरगा कामाला. शिवाय सगळ्या सीट रोज चार तास भरत नाहीत.

मशीनचं अजून एक. सातव्या पिढीचे हे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. १.६ आणि एज ऑफ एम्पायर्ससारखे जुने गेम या मशीनवर आरामात चालतील. नव्या गेमसाठी पैसे घालू नकोस. मी असतो तर गाळा घेतला नसता. मशीन घेऊन महिन्यातून एक रविवार हॉलमध्ये लॅन लावली असती, म्हणजे सगळी मशीन केबलने एकमेकांना जोडून खेळलो असतो.

शनिवारपेठ_हीलर

मी भावाबरोबर जायचे. एकदा एकटी गेले आणि पायऱ्यांवरूनच परत आले, कारण काचेला काळी फिल्म होती, आत कोण बसलंय काहीच कळेना. तुम्ही लॅन लावाल तेव्हा दार उघडं ठेवा आणि उजेड असू द्या, एवढं मनापासून सांगते. मुली येतील. मागे उभं राहून बघायला आम्हालाही आवडायचं.

स्पाइक_ठाणे

मी १९ वर्षांचा आहे, आमची पिढी व्हॅलोरंट खेळते. त्यात लॅन मोडच नाही, मॅच कंपनीच्या सर्व्हरवरच होते. म्हणजे हॉलला चांगलं इंटरनेट लागेल. पण १.६ ठेवलंत तर मी येईन. कोणाच्या शेजारी बसून मॅच खेळलोच नाहीये कधी.

लाँग_ए_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. गाळ्याचा विचार सोडला. १० मशीन घेतो, पाच-पाचची मॅच होईल. आमच्या सोसायटीचा हॉल रविवारी मिळतोय. कोल्हापूरकर दादा, सगळी मशीन जोडायला १६ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच पुरेल ना? आणि विजेचं काय करू?

राजारामपुरी_लॅन

स्विच पुरेल. मशीन आणि मॉनिटर मिळून २५० वॉट धर, दहाचे अडीच किलोवॉट. एकाच सॉकेटमधून एक्स्टेंशनवर एक्स्टेंशन काढू नकोस, इलेक्ट्रिशियनकडून दोन वेगळ्या लाइन घे. हॉलला दोन दारं असतील तर दोन्ही उघडी ठेव. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागली, त्यात लहान मुलंही गेली. पोरं आपल्या भरवशावर येणार आहेत. पहिल्या रविवारी मी येतो, केबलच्या टोकाला प्लग बसवायची पक्कड माझ्याकडे आहे.