जपानमध्ये इंग्रजी शिकवायला जायचं आहे, नागपूरवरून कसं जमेल?

मानेवाडा_मॅडम

नमस्कार मंडळी, प्रश्न लांब आहे, सांभाळून घ्या. मी नागपूरची, बीएस्सी-बीएड, सध्या एका सीबीएसई शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवून राहिली. जपानी भाषेच्या परीक्षेची एन५ पातळी झाली (आकडा कमी तशी पातळी वरची), एन४ डिसेंबरमध्ये पुण्याला जाऊन देणार. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्ध मंदिराला आम्ही घरचे सगळे लहानपणापासून जातो, तिथले जपानी पाहुणे पाहून पाहूनच हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं असं आई म्हणते.

तर मला तिकडे इंग्रजी शिकवायचं आहे, लहान पोट्टे असो का मोठी माणसं. इथे एका कन्सल्टंटकडे गेली होती, तो म्हणे आधी स्टुडंट व्हिसावर लँग्वेज स्कूलला जा, तिकडे पोचलं की इंग्रजी टीचरची नोकरी आम्ही लावून देतो, त्याचे साडेतीन लाख, शाळेची फी वेगळी. बाबा म्हणतात तिकडे फक्त गोऱ्यांना ठेवतात, तुला कोण विचारते, आणि एजंटला पैसे तर बिलकुल द्यायचे नाही. मला काही सुचून नाही राहिलं. अजून एक, माझी पहिली ते चौथी मराठी शाळेत झाली आणि पाचवीपासून इंग्लिश मीडियम, त्याने काही अडते का? कोणी खरंच तिकडे शिकवत असेल तर सांगा. आणि हो, मी शाकाहारी आहे.

चिबातला_नागपूरकर

ताई, एजंटच्या बाबतीत बाबांचं ऐका. स्टुडंट व्हिसावर काम करायला वेगळी परवानगी काढावी लागते आणि तीही आठवड्याला २८ तासांचीच, मोठ्या सुट्ट्यांमध्ये दिवसाला ८ तास. तेवढ्या तासांत तुम्ही कोनबिनीच्या, म्हणजे तिकडच्या चोवीस तास उघड्या दुकानाच्या, काउंटरवर उभ्या राहाल नाहीतर रात्री डबे भरायच्या फॅक्टरीत, शाळेच्या वर्गात नाही. लँग्वेज स्कूलची वर्षाची फीच सात-आठ लाख येनच्या घरात जाते. तुम्ही ग्रॅज्युएट आहात, तुम्हाला हा वळसा पाहिजेच कायले?

पाचवीवाला प्रश्न मात्र एकदम मुद्द्याचा आहे आणि तो कन्सल्टंटने स्वतःहून विचारला नसेल तर त्याला ह्या धंद्यातलं काही समजत नाही असं समजा. शाळेत शिकवायचा जो व्हिसा असतो, इन्स्ट्रक्टर म्हणतात त्याला, त्यात परदेशी भाषा शिकवणाऱ्याचं त्या भाषेतून १२ वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे असा नियम आहे. पासपोर्ट कोणत्या देशाचा पाहिजे असं त्यात नाही. तुमचे पाचवी ते बारावी ८, बीएस्सीचे ३, बीएडचे २, झाले १३. फक्त ते कागदावर दिसलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक ठिकाणाहून लेटरहेडवर, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आणि माध्यम इंग्रजी, असं सही-शिक्क्यानिशी. सेमी-इंग्लिशवाल्या पोरांची गाडी इथेच अडते, गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीत, ते १२ वर्षांत बसवता बसवता नाकी नऊ येतात.

मी एएलटी आहे, म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर. वर्गात जपानी शिक्षक असतो आणि आपण त्याच्या जोडीला. तिकडे २०२० पासून प्राथमिकच्या पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, मार्क असतात, आणि तिसरी-चौथीला नुसतं बोलणं-खेळणं, त्यामुळे एएलटी सगळ्यांनाच पाहिजे. रस्ते तीन. जेट प्रोग्रॅम, १९८७ पासून सरकारी आहे, पगार सगळ्यात चांगला, २०२५ पासून नवीन माणसाला वर्षाला ४० लाख येनच्या आसपास, करार एकेक वर्षाचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. पण अर्ज जपानी दूतावासामार्फत आणि आपल्याकडून घेतात अगदी मोजके. दुसरं, गावचं शिक्षण मंडळ थेट नोकरी देते, ते बहुतेक आधीच जपानमध्ये असलेल्यांना मिळते. तिसरं डिस्पॅच कंपनी, म्हणजे नोकरी कंपनीची आणि काम शाळेत. मी ह्याच्यातला. पगार महिन्याला दोन-सव्वादोन लाख येन धरा, आणि करार नीट वाचा, कारण ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून त्या महिन्याचा पगार अर्धा करतात. माझ्या पहिल्या कंपनीने हे मुलाखतीत सांगितलंच नव्हतं, करारात बारीक अक्षरात होतं.

कामाचं सांगतो. तास ४५ मिनिटांचा. पोट्टे उभे राहतात, वर्गाचा मॉनिटर ओरडतो, सगळे वाकतात, मग सुरू. तिसरीत काय चालते तर फळांचे कार्ड, "आय लाइक"वाले खेळ आणि सारखं जानकेन, म्हणजे आपलं दगड-कागद-कात्री. जानकेन नसेल तर अर्धा वर्ग झोपून जाईल. मागच्या सत्रात एक पोरगी एक शब्द बोलायची नाही, हात वर करायची नाही, पण कार्डाचा खेळ आला की शब्द पूर्ण व्हायच्या आधी तिचा हात कार्डावर. ऐकलेलं सगळं समजत होतं तिला. माझ्यासोबतचे वर्गशिक्षक म्हणाले तिला बोलायला लावू नका, कार्ड उचलू द्या. नागपुरात असतो तर मी तिला उभं करून चार वेळा म्हणायला लावलं असतं आणि ती अजूनच गप्प झाली असती. तुम्ही आपल्याकडे पन्नास पोरांचा वर्ग सांभाळला आहे ना, तर तिथला पस्तीसचा वर्ग सोपा जाईल, पण आपला आवाज चढवायचा हिशोब तिथे चालत नाही.

धरमपेठ_रिटर्न

वरच्या भाऊंनी शाळेचं सांगितलं, मी मोठ्यांचं सांगते. मी ओसाकाला इकाइवामध्ये होते, म्हणजे प्रायव्हेट इंग्लिश कॉन्व्हर्सेशनचे क्लास, आता परत आले. तिथला व्हिसा वेगळा, ह्युमॅनिटीज-इंटरनॅशनल सर्व्हिसेस नावाचा, भाषा शिकवायला डिग्री असली तर अनुभवाची अट लागत नाही. पण शाळेच्या व्हिसावर इकाइवात किंवा इकाइवाच्या व्हिसावर शाळेत असं आपल्या मनाने काम करता येत नाही, नोकरी बदलली तर व्हिसाचा प्रकार पण बदलून घ्यावा लागते, हे लोक विसरतात.

वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ, शनिवार तर भरलेलाच. दुपारी लहान पोट्टे, संध्याकाळी नोकरीवाले. लहानांच्या क्लासला काचेच्या पलीकडे आया बसलेल्या असतात आणि त्या पोराकडे कमी, तुमच्याकडे जास्त पाहतात. मोठे कोण येतात तर टोइकवाले, इंग्रजीची ९९० मार्कांची ती परीक्षा, प्रमोशनला लागते म्हणून कंपनीच सांगते. मग रिटायर लोक, त्यांना फिरायला जायचं असते. मला सगळ्यात आवडायचे ते रिटायर, कारण ते चुकायला घाबरत नाहीत. नोकरीवाले घाबरतात. माझ्याकडे एक गृहस्थ ऑफिसमधून थेट यायचे, बॅग मांडीवर, वही उघडी, मी विचारलं वीकेंडला काय केलं तर आधी पूर्ण वाक्य वहीत लिहायचे, खोडायचे, परत लिहायचे, मग वाचून दाखवायचे. तेवढा वेळ खोलीत कोणी काही बोलायचं नाही. आपल्याला इकडे सवय अशी की दोन सेकंद कोणी गप्प बसलं की आपणच उत्तर सांगून मोकळे होतो. तिथे तुम्ही मध्ये बोलल्या तर त्याला वाटते आपल्याला येत नाही म्हणून मॅडमने आवरतं घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात तो रिसेप्शनवर जाऊन टीचर बदलून मागते. थांबायचं. हे कोणत्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.

गोऱ्यांचं म्हणाल तर बाबांचं अर्धं खरं आहे. जाहिरातीत "नेटिव्ह" लिहिलेलं सापडेल, काही ठिकाणी नाव वाचूनच फॉर्म बाजूला ठेवतात, मला असे बरेच ईमेल आले. पण सगळीकडे नाही. आणि कंपनी मोठी आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही, नोव्हासारखी देशातली सगळ्यात मोठी इकाइवा कंपनी २००७ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि हजारो शिक्षकांचे पगार अडकले. करारात आठवड्याचे २९.५ तास दिसले तर समजून जा की हा जुना हिशोब आहे, इन्शुरन्स-पेन्शनचा कंपनीचा हिस्सा वाचवायला ३० च्या खाली ठेवायचे; २०२४ पासून पन्नासच्या वर माणसं असलेल्या कंपनीत २० तासांनाच ते लागू होते, तेव्हा शाकाई होकेन, म्हणजे हेच इन्शुरन्स-पेन्शन, मिळते का हे सरळ विचारा. विचारल्याने कोणी वाईट नाही मानत.

इतवारीचा_भाऊ

सगळं ठीक आहे पण हिशोब कोणी लावून नाही राहिलं. येन पडलेला आहे, अडीच लाख येन म्हणजे आपले दीड लाख पण होत नाही. त्यातून भाडं, घर घेताना डिपॉझिट, वरून घरमालकाला रेइकिन म्हणजे परत न मिळणारे पैसे, गॅरंटी कंपनीचे वेगळे. पहिल्या वर्षी हातात बरे पैसे दिसतात, मग दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर सुरू होते आणि डोळे पांढरे होतात. माझा मित्र होता तिकडे, तो म्हणे एकट्याचं मस्त भागते, घरी पाठवायचे असतील तर विसर. घरचं कर्ज काढून जाऊन राहिल्या असाल तर नका जाऊ, हौस म्हणून जात असाल तर जाऊन या.

चिबातला_नागपूरकर

इतवारीचा भाऊ बरोबर बोलला बे. फक्त बाबांना एक गोष्ट नक्की सांगा ताई. योगेंद्र पुराणिक म्हणून आपले मराठी माणूस, टोकियोच्या एदोगावा वॉर्डात २०१९ मध्ये निवडून आले आणि नंतर इबाराकी प्रांतात सरकारी हायस्कूलचे प्रिन्सिपल झाले. त्यांनी आधी जपानी नागरिकत्व घेतलं आणि जपानी तर त्यांना अस्खलित येते, तो भाग वेगळा. पण "तुला कोण विचारते"चं उत्तर म्हणून चालून जाईल. एन४ वर थांबू नका, स्टाफरूममध्ये सगळं जपानीतच चालते आणि एन३ असली की मुलाखतीत माणूस सरळ बसते.

मानेवाडा_मॅडम

सगळ्यांचे मनापासून आभार! कन्सल्टंटला फोन करून २८ तासांचं विचारलं तर तो म्हणे मॅडम तुम्ही ऑफिसमध्ये या, फोनवर ह्या गोष्टी होत नाही. नाही जात आता. बाबांना पुराणिकांचं सांगितलं, ते हूं म्हणाले, आमच्याकडे हे पुष्कळ झालं. घरी पैसे पाठवायचे नाहीत, भावाची नोकरी आहे. पण जेवणाचं कोणीच नाही सांगितलं, आणि अर्ज नेमका कधी करायचा?

धरमपेठ_रिटर्न

जेवणाचं कठीण आहे, खोटं नाही सांगत. भाजी दिसते, पण खालच्या रसात दाशी असते, म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क, मिसो सूपमध्ये पण तेच. "निकु नाही" म्हणून भागत नाही, कारण त्यांच्या लेखी मासा म्हणजे मांस नाही. घरी कुकर घेऊन जा. टोकियोकडे असाल तर निशि-कासाईला डाळ, पीठ, मसाले सगळं मिळते, आपली भरपूर वस्ती आहे तिथे. तर्री पोहे स्वतःच करावे लागतील, चिवडा-पोहे इकडून न्या.

चिबातला_नागपूरकर

शाळेत दुपारचं जेवण पोट्ट्यांसोबतच असते, पांढऱ्या टोप्या घालून तेच वाढतात. तुम्ही जॉइन व्हायच्या आधीच शाळेला कळवा की मी डबा आणीन, ऐनवेळी ताटातलं सोडलं तर त्यांना फार अवघडल्यासारखं होते, कारण तिथे पोरांना ताट संपवायला शिकवतात.

अर्जाचं म्हणाल तर तिकडे शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे डिस्पॅचवाले आदल्या दिवाळीच्या आसपासपासून मुलाखती घेतात. जेटचे फॉर्म पण त्याच सुमाराला निघतात पण जाणं होते पुढच्या जुलै-ऑगस्टला. नोकरी पक्की झाली की तिकडची कंपनी सीओई काढते, म्हणजे इमिग्रेशनचं पात्रतेचं प्रमाणपत्र, त्याला महिना ते तीन महिने लागतात, आणि ते आलं की व्हिसाचं काम मुंबईच्या कॉन्सुलेटकडून. ह्यात कुठेच उमेदवाराने कंपनीला पैसे द्यायचे नसतात, कोणी मागितले तर तिथूनच वापस या. आणि ते माध्यमाचं पत्र शाळेतून आत्ताच काढून घ्या ताई, मे महिन्यात आपल्याकडे शाळेच्या ऑफिसात क्लार्क सापडत नाही, आणि सापडला तर म्हणते मुख्याध्यापक गावाला गेले, सहीला पंधरा जूननंतर या.