मदत हवी आहे: सिटीतलं अपार्टमेंट हॉटेल, खिडकी उघडत नाही, फोडणीचं काय?

वरणफळ: पटकन सांगा, आज रात्रीपर्यंतच फुकटात रद्द करता येतंय. सिटीत जुन्या ऑफिसचं केलेलं भारी अपार्टमेंट हॉटेल घेतलंय. सोबत आईबाबा. ओटा, शेगडी, सगळं आहे, पण फोटोत खिडकीला कडीच दिसत नाही. आईचं फोडणीशिवाय पान हलत नाही. ठेवू की सोडू?

पोटोबा: कुठली सिटी? पुणे? किती दिवस?

वरणफळ: लंडन हो! तिथल्या ऑफिसांच्या भागालाच सिटी म्हणतात. बँकेजवळ. पाच आठवडे.

पोटोबा: कुठल्या बँकेजवळ?

वरणफळ: बँक स्टेशन!! नावच आहे ते.

गोट्या_लंडनकर: सोडा. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. वेंब्लीत खोली घ्या, मेथीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं दारात.

खमंग: गोट्या, त्यांनी फोडणीचं विचारलंय. आणि भाजीला व्हाइटचॅपल जवळ आहे की. मी अशाच ठिकाणी महिनाभर राहिले. इमारत मुळात सेंट्रल एसीची, खिडक्या सीलबंद. शेगडीवरचा पंखा वाफ बाहेर टाकत नव्हता, गाळून परत खोलीतच सोडायचा. सोमवारची हिंगाची फोडणी गुरुवारी नवऱ्याच्या कोटाला! सुक्या मिरचीने तर अलार्म वाजला, आख्खा मजला खाली लॉबीत, मी हातात झारा घेऊन. शेगडी इंडक्शन आहे का? कुकरच्या बुडाला फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघा, चिकटलं नाही तर कुकर त्यावर तापणार नाही.

वरणफळ: इंडक्शनच आहे. चिकटत नाही :(

नियमवाला: जपून. लंडनमध्ये परवानगीशिवाय वर्षाला ९० रात्रींच्या वर घर असं थोड्या दिवसांसाठी भाड्याने देता येत नाही.

हिशेबनीस: तो नियम राहत्या घरांना, हॉटेलला नाही. कामाचं सांगतो: सलग २८ दिवसांच्या पुढे राहिलात तर २९व्या दिवसापासून खोलीच्या भाड्यावरचा व्हॅट २० वरून साधारण ४ टक्क्यांवर येऊ शकतो. दरात धरलाय का, लेखी विचारा. मधे खोली सोडून परत येऊ नका.

कोकणी_काका: डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. आईबाबांना गणपतीत न्या.

खमंग: काका, ते कधी जाणारेत ते तरी विचारा.

वरणफळ: मार्चमध्ये. आई म्हणते फोडणी इथूनच करून बरणीत नेते, नुसती वरून घालायची.

पोटोबा: बरणी मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात १०० मिलीच्या वर नेऊ देत नाहीत. आणि दोन पिशव्यांत गुंडाळा, आमचं लोणचं सांडलं होतं.

खमंग: ते ठीक, पण बुकिंग ठेवलंत का?