स्कॉटलंड: एडिनबरा पुरे की हायलँड्सच्या डोंगराळ भागातही जावं?

गोदाकाठ: मंडळी, जूनमध्ये आईबाबांना घेऊन स्कॉटलंडला जायचं चाललंय, हातात आठवडाभर. बाबांना किल्ले, आईला डोंगर आणि तळी, दोघंही पक्के शाकाहारी. इथे कॉलेज रोडचा ट्रॅव्हलवाला म्हणतो एडिनबरातच राहा, एक दिवस बसने लॉख नेस तळं करून रात्री परत या. जमेल का? की गाडीच घेऊ? कसारा घाट नेहमीचा आहे, पण तिकडचं काही माहीत नाही.

पंचवटीकर: जमतं हो, पण सकाळी निघालेली बस रात्री आठच्या आसपास परत येते, आईबाबांचे पाय आखडतील. आणि खरं सांगू का, लॉख नेस म्हणजे लांबच लांब काळपट पाणी आणि काठावर अर्कर्टचा पडका किल्ला, त्यातली ती दंतकथेतली राक्षसीण नेसी फक्त दुकानातल्या मगवर दिसते. खरी मजा वाटेतल्या ग्लेनको दरीची. दोन्हीकडून अंगावर येणारे डोंगर, त्यावर ढग उतरलेले, आपल्याकडे श्रावणात ब्रह्मगिरी दिसतो तसं, फक्त झाडं जवळपास नाहीतच. आणि तिथेच बस पंधरा मिनिटं थांबवतात! त्यापेक्षा तिकडच्याच फोर्ट विल्यम गावात दोन रात्री काढा. एडिनबराला दोन दिवस पुरे, किल्ल्याचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, रविवार सोडून रोज दुपारी एकला तोफ उडते ती बाबांना दाखवा. किल्ल्याकडे जाणारा रॉयल माइल हा रस्ता चढाचा आणि दगडी आहे, बूट चांगले हवेत.

इंदिरानगरवाली: सगळे ग्लासगोला का टाळतात कळत नाही, एडिनबराहून ट्रेनने तासाभराच्या आत पोचता. एडिनबरा बघायला देखणं पण गर्दी फार, ऑगस्टच्या फेस्टिव्हलमध्ये तर हॉटेलचे भाव विचारूच नका. ग्लासगोत लोक स्वतःहून बोलायला येतात, बसस्टॉपवर एका आजीने मला तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची अख्खी कथा ऐकवली, निम्मी कळली. केल्व्हिनग्रोव्ह म्युझियम फुकट आहे, पाऊस आला की तिथे घुसायचं. जेवणाची काळजी नको, भारतीय हॉटेलं भरपूर, आणि हॅगिस (मेंढीच्या काळीज-फुफ्फुसाचा तिथला पदार्थ) सुद्धा शाकाहारी मिळतं, डाळी-ओट्सचं, मसालेदार असतं, आईला आवडेल बघ.

पाथर्डी_फाटा: गाडीचं सांगतो. डावीकडूनच चालवायची आणि फिरायला आलेल्याला भारतीय लायसन्स वर्षभर चालतं, पण भाड्याने देणाऱ्या कंपनीचे नियम आधी वाचा. स्काय बेटासारख्या भागात एकाच गाडीपुरते अरुंद, पण दुतर्फा वाहतुकीचे रस्ते आहेत, मधेमधे थोडी रुंद जागा ठेवलेली असते, समोरून गाडी आली की डाव्या बाजूच्या जागेत शिरायचं, जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपण थांबायचं. तिथे गाडी पार्क करून फोटो काढू नका, लोक चिडतात. मेंढ्या रस्त्यात बसलेल्या असतात, त्यांना घाई नसते. गाडी नको असेल तर ग्लासगोहून पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅलेग गावाची ट्रेन पकडा, ग्लेनफिननचा २१ कमानींचा पूल लागतो. वाफेच्या गाडीचं तिकीट महाग पडतं, साधी ट्रेनही त्याच पुलावरून जाते. आणि जूनमध्ये मिजेस म्हणून बारीक चावणारे किडे असतात, वारा पडला की थव्याने येतात, औषध तिथल्याच दुकानातून घ्या.

गोदाकाठ: भारी माहिती! मग ग्लासगो आणि फोर्ट विल्यम ट्रेननेच करतो, स्काय राहू दे. छत्री घेऊ का?

पंचवटीकर: छत्री वाऱ्याने उलटते, टोपीवाला रेनकोट घ्या. आणि शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही हां, यूकेचा वेगळा काढावा लागतो, आजच कामाला लागा.