सोयाबीनच्या धुऱ्यावरचं रोप: अंबाडी की गांजा?

प्रश्न: पानं बोटांसारखी फाटलेली, उंची कमरेएवढी. नक्की ओळखायचं कसं?

उत्तर १: देठाचं टोक बघा. अंबाडीचं पान एकच असतं, फाटे बुडाशी जोडलेले. गांजात बहुधा ५ ते ९ सुटी, दातेरी पानं एका टोकावर जुळतात. सटायव्हा या गांजाच्या प्रकारात ती फार अरुंद, पेरं लांब, फांद्या विरळ. झाड ३ मीटरच्या वरही जातं.

उत्तर २: उंचीवर जाऊ नका दादा, अंबाडीही तेवढी वाढते. खालची पानं गांजात समोरासमोर, अंबाडीत एकाआड एक. फूल आलं की शंकाच मिटते: अंबाडीचं पिवळं, मधे गडद लाल. गांजाला पाकळ्या नसतात, नर-मादी झाडंही सहसा वेगळी.

उत्तर ३: ओळख पटेपर्यंत भाजीला खुडू नका. शेतात कुणी गांजा लावलेला निघाला, तर १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं (एनडीपीएस) जमीनधारकानं लगेच पोलिसांना कळवायचं असतं.