पवनचक्कीचे पाते पाटोद्यापर्यंत कोणत्या मार्गाने न्यावे?

प्रश्न (ट्रेलरचालक, केज) : गुजरातहून धुळेमार्गे सुमारे 60 मीटर लांबीचे पाते पाटोदा तालुक्यात न्यायचे आहे. नकाशा कन्नडचा घाट सुचवतो. जाणकारांनी मार्ग सांगावा.

उत्तर (बीड) : नकाशाला घाटातली बंदी कळत नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर 2023 पासून त्या घाटात जड वाहने बंद आहेत. मालेगाव, मनमाड, अहिल्यानगर, आष्टी, जामखेड असे यावे. मात्र जामखेडहून पुढे सौताड्याची वळणे आहेत. वळणावर ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारे पुढचे वाहन) निघून जातो, पण पात्याचे टोक रस्त्याबाहेर फिरते आणि झाड, खांब, घराचा सज्जा यांपैकी जे आड येईल त्याला लागते. म्हणून आधी मोटारीने जाऊन प्रत्येक वळण फीत लावून मोजावे.

उत्तर (धाराशिव) : वळण बसत नसेल तर पाते तिरके उभे करणारे ॲडॉप्टर मागवावे लागते, पण मग डोक्यावरच्या तारांची चिंता वाढते, वीजपुरवठा बंद ठेवण्याची वेळ महावितरणकडून आधीच ठरवून घ्यावी. केंद्रीय नियमांतील रुंदीची मर्यादा 2.6 मीटर आहे आणि लांबी तर उघडच जास्त, त्यामुळे परवान्याशिवाय चाक हलवू नये. परवान्यात लिहिलेला मार्ग सोडून ‘जवळचा’ रस्ता धरणारे नंतर गावाच्या वेशीत अडकलेले मी पाहिले आहेत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सौताड्याची वळणे उद्याच मोजतो.