उन्हाळ्यात जाताय तर घड्याळ सांभाळा

मोन्युमेंट व्हॅलीहून ग्रँड कॅन्यनला जाताना होपी गावं (अ‍ॅरिझोनातल्या होपी या मूळनिवासी जमातीची) घ्यावीत का, असं विचारलंय. जरूर घ्या, पण एक अख्खा दिवस काढून. ट्यूबा सिटीहून २६४ नंबरच्या रस्त्याने सेकंड मेसा (होपी गावांचं एक पठार) साधारण ६० मैल. मधे पेट्रोलचे पंप मोजकेच, टाकी भरून निघा. उन्हाळ्यात शेजारच्या नवाहो जमातीच्या भागात घड्याळ तासभर पुढे असतं, होपी भागात नाही. त्यामुळे वॉल्पी या जुन्या होपी गावाच्या टूरची वेळ आधी फोन करून पक्की करा. वाटाड्याशिवाय तिथे सोडत नाहीत.

आणि कॅमेरा गाडीतच! गावात फोटो, रेकॉर्डिंग, अगदी स्केचसुद्धा चालत नाही. (इन्स्टावाल्यांची पंचाईत, पण मला हा नियम आवडतो.) निळ्या मक्याची पिकी (होपींची पातळ पोळी) मिळाली तर सोडू नका, तापल्या दगडावर हाताने सारवलेली, मांड्याहून पातळ.